खांदा दुखतो तेव्हा जू पाहावं

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गोठ्यात खांदेमळणी असायची. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, आणि आषाढातला बेंदूर हा तिकडचा मोठा सण. बैल ओढ्यावरून धुऊन आणले की आई चुलीवर पाणी तापवायची. आबा त्यात फडकं बुडवायचे, पिळायचे आणि बैलाच्या खांद्यावर, वर्षभर जिथे जू टेकतं त्या जागी, दाबून धरायचे. शेकून झालं की लोणी आणि हळद तळहातावर घेऊन सावकाश चोळायचे. बैल डोळे मिटून उभा राहायचा. त्याच्या कातडीवरून सरसरत जाणारी लहर मला कंदिलाच्या उजेडात दिसायची.

एका वर्षी डाव्या अंगाच्या बैलाचा खांदा सुजला होता. तिथले केस गेले होते, कातडी लाल झाली होती. "हळद लावली म्हणजे आता बरा होईल ना?" मी विचारलं. आबा म्हणाले, "सूज उतरंल. पण जू तसंच ऱ्हायलं तर आठ दिसांत परत येईल." बेंदूर झाल्यावर त्यांनी जू उलटं केलं आणि त्याच्या खालच्या अंगावरून हात फिरवला. एका जागी लाकडाची गाठ वर आली होती. ती त्यांनी वाकसानं तासली आणि फुटक्या काचेनं घासून गुळगुळीत केली. खांदा भरून येईपर्यंत तो बैल त्यांनी जुंपला नाही.

ही गोष्ट मला चाळीस वर्षांनी, शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवली. मी सहावी-सातवीला इतिहास शिकवते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोर्टलवर मुलांची माहिती भरत बसले होते. सहावीतला एक मुलगा दारात येऊन म्हणाला, "बाई, मोहेंजोदडोची माणसं कुठली भाषा बोलायची?" मी मान वर न करता म्हणाले, "नंतर." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "नंतर." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो आलाच नाही, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला भीती वाटली. याच प्रश्नांसाठी तर मी या पेशात आले होते.

मराठीत दमण्याचे शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत. शीण झोपेनं उतरतो. कंटाळा एखाद्या सहलीनं जातो. उबग मात्र झोपेनंही जात नाही आणि सहलीनंही नाही. सुट्टीवरून परतताना गाडी गावाच्या वेशीपाशी आली की तो पुन्हा छातीवर येऊन बसतो. आणि उबगाच्याही पुढची एक अवस्था आहे, तिला आपण 'पाट्या टाकणं' म्हणतो. हात चालू असतात, माणूस तिथे नसतो.

याच अवस्थेला १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 'बर्नआउट' हे नाव दिलं. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करत होता. तिथे तळमळीनं आलेले कार्यकर्ते काही काळानं आतून विझत चाललेले त्यानं पाहिले. पुढे क्रिस्टिना मास्लाक या संशोधक बाईंनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या. पहिली, शरीर-मनाचा निचरा. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याविषयीच आलेला कोरडेपणा. तिसरी, आपल्या हातून काही भलं होतच नाही ही भावना. मी त्या वाचल्या तेव्हा दुसऱ्या खुणेपाशी थांबले. स्टाफरूमच्या दारातला मुलगा तिथे उभा होता.

हा विषय नीतीचा होतो तो इथे. थकवा माझा असतो, पण त्याची झळ माझ्यापाशी थांबत नाही. थकलेली परिचारिका रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या नंबरानं हाक मारू लागते. थकलेला कारकून खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्याला एका सहीसाठी तीन हेलपाटे घालायला लावतो. थकलेली आई लेकराच्या पाठीत धपाटा घालते आणि रात्री त्याच्या उशाशी बसून रडते. ही माणसं वाईट नाहीत. एकेकाळी तीच सगळ्यांत जास्त जीव ओतणारी होती. म्हणून स्वतःच्या थकव्याकडे वेळीच पाहणं हा लाड नाही, ते आपल्यावर विसंबलेल्यांचं देणं आहे.

पण पाहायचं म्हणजे काय? आपण बहुतेक वेळा खांद्याकडेच पाहतो. प्राणायाम कर, लवकर ऊठ, मोबाइल बाजूला ठेव, चार दिवस कोकणात जाऊन ये. हे सगळं हळद-लोण्यासारखं आहे, आणि हळद-लोणी मी कमी लेखत नाही. त्यानं सूज उतरते. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यानं उद्भवणारी स्थिती, अशी ती नोंद आहे. लाकडाची गाठ कुठे आहे, ते त्या एका वाक्यात आलं आहे. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनीही जू तपासायच्या सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचं ओझं, कामावरचा आपला ताबा, मिळणारी कदर, सोबतची माणसं, न्यायाची वागणूक आणि मनाला पटणारी मूल्यं. माझं काम मला कधीच नकोसं झालं नव्हतं. एकच माहिती वहीत, पोर्टलवर आणि पुन्हा ग्रुपवर अशी तीनदा भरणं नकोसं झालं होतं.

जू तासण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आज आपण जो रविवार गृहीत धरतो तो कुणी सहज दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत होते तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्यासाठी उभे राहिले. ते सत्यशोधक होते, 'दीनबंधू'चे संपादक होते आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी पुढे केलं. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवार हा खंडोबाचा वार. तो देवासाठी आणि समाजाच्या कामासाठी मोकळा हवा, अशी लोखंड्यांची मांडणी सांगितली जाते. त्यांनी कामगारांना सोसायला शिकवलं नाही. जू कुठे टोचतं ते त्यांनी कागदावर लिहिलं आणि खाली साडेपाच हजार सह्या घेतल्या.

हे मोठं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून आम्ही शाळेत एक छोटी गोष्ट केली. सहा जणी मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. तक्रारीचा सूर ठेवला नाही, यादी नेली. माहिती एकदाच भरायची, आणि संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर काम टाकायचं नाही, एवढ्या दोनच मागण्या. पहिली अर्धी मान्य झाली, दुसरी पूर्ण. सगळं सुटलं नाही, पण संध्याकाळ परत मिळाली. आणि आणखी एक गोष्ट कळली. आम्ही सहाही जणी आपापल्या घरी रात्री जागून एकच गोष्ट मनाशी म्हणत होतो: 'मीच कमी पडते.'

मग घराकडे पाहावं लागलं. लोखंड्यांचा रविवार अनेक घरांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबला आहे. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जाताना दिसली, आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची ९७. माझ्याही घरी रविवार म्हणजे दोन भाज्या जास्त, आठवड्याचे कपडे आणि दुपारी पेपर तपासणी. नवरा आणि मुलगा दोघंही प्रेमळ आहेत. त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही कधी दाखवलं नव्हतं. बोलल्यावर रविवारची सकाळ त्यांनी घेतली. पहिले तीन रविवार मीच अस्वस्थ होते. हात शिवशिवायचे, पाय आपोआप ओट्याकडे वळायचे. तेव्हा गोठ्यातलं आणखी एक दृश्य आठवलं. धन्यानं जू उचललं की शिकलेला बैल आपणहून मान खाली घालतो. सवयीचं जू उतरवलं तरी मान काही दिवस वाकलेलीच राहते. तिला वेळ द्यावा लागतो.

जू हलकं झाल्यावर उरतो तो रोजच्या रहाटगाडग्याचा प्रश्न. त्यावरचं उत्तरही मला शेतानंच दिलं. आमच्याकडे ऊस. लागण, मग खोडवा, मग निडवा. त्याच रानात तेच पीक वर्षानुवर्षं घेतलं की उतारा घटत जातो. खत वाढवलं तरी जमीन उत्तर देत नाही. अशा वेळी जाणता शेतकरी ऊस मोडून हरभरा करतो, किंवा ताग पेरून तो फुलोऱ्यावर आला की रानातच गाडतो. या द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. आधीच्या पिकानं पुढच्यासाठी जे मागे ठेवलं, त्याला आपले शेतकरी 'बेवड' म्हणतात. 'हरभऱ्याचा बेवड आहे, पीक जोमात येईल,' असं आबा म्हणायचे तेव्हा त्यांच्या आवाजात जमिनीविषयीची माया असायची. जमीन विकायची नाही, तिला नुसतं पडही ठेवायचं नाही. तिच्यात दुसरं काहीतरी रुजवायचं.

मी अकरा वर्षं तोच इतिहास त्याच वर्गांना शिकवत होते. एका सहकारी बाईंशी तासांची अदलाबदल केली आणि काही तास पाचवीच्या परिसर अभ्यासाचे घेतले. आणि शनिवारी दुपारी मोडी शिकायला जाऊ लागले. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ मारतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं गुंफत जातात. पेशवे दफ्तरातल्या एका साध्या पत्राच्या प्रतीतले पहिले चार शब्द लावायला मला अख्खी दुपार लागली. पन्नाशीतली मी, शेजारी कॉलेजातली मुलगी, आणि ती माझ्या आधी वाचत होती. फार वर्षांनी मला काहीतरी येत नव्हतं, आणि ते विचारायला मला दुसऱ्या कुणाकडे जावं लागत होतं. गुरुजी पुस्तक मिटून माझ्याकडे पूर्ण वळून उत्तर द्यायचे. कुणी आपल्या प्रश्नाकडे असं वळून पाहिलं की काय वाटतं, ते मी विसरले होते.

सोमवारी मी त्या मुलाला शोधलं. तो आता सातवीत गेला होता. त्याला सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर चिन्हं आहेत, पण ती आजवर सर्वांना पटेल अशी कुणाला वाचता आलेली नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माझा प्रश्न लक्षात होता?"

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. आठवड्यांमागून आठवडे झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर तो नुसता उबग नाही. तिथे बेवडाच्या गोष्टी पुरत नाहीत, डॉक्टरांकडेच जावं. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी दिवसरात्र चालू असतो. आणि ज्याला बारा-बारा तास फाटकावर उभं राहावं लागतं, ज्याची रोजी दिवसभरात पोचवलेल्या डब्यांवर ठरते, त्याला 'एखादा छंद जोपासा' असं सांगणं अन्यायाचं आहे. त्याचं जू त्याच्या हातात नाही. ते आपल्यापैकी कुणाच्या तरी हातात आहे.

हाच विचार मला या आठवड्यात तुमच्याजवळ ठेवायचा आहे. आपण प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर जू ठेवत असतो. वर्गातल्या मुलांच्या, हाताखालच्या माणसांच्या, घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या, आणि शाळेनंतर तीन क्लासला जाणाऱ्या आपल्याच लेकरांच्या. त्यांची मान आपणहून खाली येते, म्हणून त्यांना दुखत नाही असं आपण समजतो.

आबा रोज पहाटे बैल जुंपण्याआधी जुवाच्या खालच्या अंगावरून एकदा तळहात फिरवायचे. अंधारच असायचा, डोळ्यांना काही दिसायचं नाही. जे काही टोचायचं ते आधी त्यांच्या हाताला टोचायचं.