क्षमा कोणाकडे मागावी?

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांत तयारी सुरू होते. गतवर्षीच्या झावळ्यांची राख केली जाते, क्रूसाच्या वाटेची पुस्तके बाहेर निघतात आणि गरिबांसाठी काहीतरी करावे, असा ठराव होतो. ठराव स्तुत्यच आहे. परंतु ज्यांच्यासाठी आपण काही करतो, त्यांचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न सहसा ठरावात येत नाही. आमच्यापुढे तो एका लाजिरवाण्या प्रसंगाने उभा राहिला.

२०२३ च्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारापूर्वीच्या रविवारी, आम्ही धर्मग्रामातील वीसेक जण पुण्याहून भोर तालुक्यातील आंबवडे येथे गेलो होतो. नागेश्वराचे मंदिर, कान्होजी जेधे यांची समाधी आणि संस्थानकाळातील झुलता पूल यांमुळे हे गाव परिचित आहे. पुलाजवळच्या सावलीत प्रार्थना झाली, मनन झाले. मननाचा विषय होता 'क्षमा'. परतताना भोर ओलांडल्यावर रस्त्यालगत ऊसतोड कामगारांच्या खोपी दिसल्या. टोळी बीड जिल्ह्यातील होती. बरोबर नेलेल्या चादरी वाटल्या, मुलांना खाऊ दिला. निघताना आमच्यातील एका भगिनीची पर्स सापडेना. कोणीतरी म्हणाले, "यांची गाठोडी पाहा." त्या माणसांनी एक शब्दही न बोलता गाठोडी सोडून दाखवली. एका म्हातारीने तर आम्हीच दिलेली चादर झटकून दाखवली. पर्स गाडीच्या आसनाखाली निघाली. आम्ही ओशाळलो, प्रसंग हसण्यावारी नेला आणि निघून आलो. 'चुकलो' असे आमच्यापैकी कोणीही म्हटले नाही.

बुधवारी कपाळाला राख लावून घेतली, पुढे पापनिवेदनही केले. तरी मनाला स्वस्थता येईना. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभू येशू सांगतो. येथे दुखावलेला आहे तो भाऊ, आणि चालत जायचे आहे ते आपण. पुढच्या वर्षी, प्रायश्चित्तकाळाच्या आधी, आमच्यापैकी काही जण पुन्हा तेथे गेलो. खोपी होत्या, माणसे निराळी होती. आधीची टोळी यंदा कोणत्या कारखान्याकडे गेली, हे कोणालाच सांगता येईना.

स्थलांतरितावर होणाऱ्या अन्यायाचे हेच वैशिष्ट्य आहे. शेजाऱ्याला दुखावले तर तो दुसऱ्या दिवशी दारात दिसतो आणि आपली मान खाली जाते. परका मात्र पुढच्या फडावर निघून जातो. आपल्याकडे जाब मागणारा कोणी उरत नाही, म्हणून आपला अपराध आपल्याला हलका वाटू लागतो. याच मावळपट्ट्यातील कित्येक घरांतून माणसे पोटासाठी मुंबईला गेली. तेथे त्यांच्या गाठोड्यांकडेही कोणी संशयाने पाहिले नसेल काय?

मग परमेश्वराची क्षमा पुरेशी नाही काय? पुरेशी आहे, परंतु ती स्वस्त नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो, तेथे मत्तयच्या शुभवर्तमानातील मूळ शब्दाचा अर्थ 'ऋण' असा आहे. ऊसतोड कामगाराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडायची, आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. त्याच शुभवर्तमानात दहा हजार तलांतांचे कर्ज माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि तलांत सुमारे सहा हजार दिनारांचा. सहा कोटी दिवसांची मजुरी ज्याला सोडून दिली, तो शंभर दिवसांसाठी निष्ठुर झाला. आम्ही त्याच्याही पुढे गेलो. ज्यांच्याकडे आमचे काहीच येणे नव्हते, त्यांचीच आम्ही झडती घेतली.

८ जुलै २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लाम्पेदुसा बेटावर, समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी मिस्साबली अर्पण केला. तो प्रायश्चित्ताचा मिस्साबली होता. मृतांपर्यंत आता कोणी पोहोचू शकत नव्हते. म्हणून जगाच्या बेपर्वाईबद्दल त्यांनी परमेश्वराकडे क्षमा मागितली, आणि जिवंत असलेल्यांकडे पाहण्यास आपल्याला सांगितले.

आम्ही त्या नव्या टोळीला आदल्या वर्षीची हकिगत सांगितली. एक बाई शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, "त्यांची माफी आमी कशी द्यावी? पण बसा, च्या घ्या."

तिचे म्हणणे खरे होते. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आमचे ते देणे अद्याप बाकी आहे आणि बहुधा बाकीच राहील. तरीही त्या खोपीत आम्ही प्रथमच देणारे म्हणून न बसता पाहुणे म्हणून बसलो, नावे विचारली, मुलांच्या बुडालेल्या शाळेविषयी ऐकले.

या प्रायश्चित्तकाळात चादरी अवश्य न्याव्यात. परंतु आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत बांधकामावर, वीटभट्टीवर, फडावर जी माणसे आज आहेत, ती पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. त्यांच्याशी काही चुकले असेल, तर ती निघून जाण्याआधी त्यांच्या दारी जाऊ या.