आठ आठवड्यांचा हिशेब

एमबीए प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की पुणे, नाशिक, नागपूरच्या चौकांत कॉलेजांचे फ्लेक्स झळकू लागतात. त्यांवर दोन आकडे ठळक असतात: सर्वोच्च पॅकेज आणि सरासरी पॅकेज. मागच्या उन्हाळ्यात त्या कॉलेजच्या किती मुलामुलींना कंपनीत खरंखुरं काम करायला मिळालं, हा आकडा कोणी छापत नाही, कारण तो कोणी विचारतही नाही. माझं म्हणणं असं की व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचं मोजमाप आधी या आकड्यावर व्हायला हवं. पॅकेजचं नंतर बघू.

दोन वर्षांच्या एमबीएत चार सत्रं असतात. दुसरं संपल्यावर आणि तिसरं सुरू होण्याआधी उन्हाळी इंटर्नशिप येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिला साधारण आठ आठवडे दिलेले आहेत. अहवाल लिहावा लागतो, त्यावर तोंडी परीक्षा होते. मुलांच्या बोलण्यात ती ‘एसआयपी’. कल्पना उत्तम आहे. वर्षभर वर्गात जे ऐकलं ते बाजारात जाऊन पडताळायचं, तिथे चुकायचं आणि पडलेले प्रश्न घेऊन वर्गात परतायचं. एमबीएला व्यावसायिक शिक्षण म्हणायचं ते मुख्यतः या आठ आठवड्यांच्या बळावर. आणि नेमके तेच वाया जातात.

नामांकित संस्थांत ते वेगळ्या तऱ्हेने वाया जातात. आयआयएममध्ये जून-जुलैत वर्ग भरू लागतात आणि उन्हाळ्यासाठीच्या निवडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकतात. कंपनी मुलाला निवडते तेव्हा त्याने संस्थेत जेमतेम चार महिने काढलेले असतात. इतक्यात तो काय शिकला हे कोण तपासणार? मग पाहिले जातात दहावी-बारावीचे टक्के, इंजिनिअरिंगचं कॉलेज, आधीची नोकरी. प्रवेश देताना ज्या गोष्टी तपासून झाल्या, त्याच पुन्हा तपासल्या जातात. हे चार महिने मुलं अभ्यासापेक्षा सीव्ही घोटण्यात घालवतात. सीनियर रात्र-रात्र बसून त्यातली एकेक ओळ छाटतात आणि तिचा पुरावा मागतात. उन्हाळ्यात काम पसंत पडलं तर ‘पीपीओ’ मिळतो, म्हणजे शिक्षण संपायच्या आत नोकरी पक्की. व्यक्तिशः मुलाचं त्यात भलंच होतं. पण ज्या शिक्षणाचं मोल आपण लाखांत चुकवतो, ते बहुतांशी होण्याआधीच निकाल लागलेला असतो, हेही खरं.

तरी तिथे काम तरी खरं असतं. साध्या कॉलेजात काय होतं हे पाहायचं असेल तर इंटर्नशिपचा एखादा अहवाल उघडावा. काळी हार्ड बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. शीर्षक ठरलेलं: अमुक कंपनीच्या ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास, संदर्भ पुणे शहर. आभाराचं पान, कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवलेली माहिती, व्याख्यांचं एक प्रकरण. पुढे शंभर जणांची प्रश्नावली, जी बहुतेक वेळा हॉस्टेलच्या मित्रांनीच भरलेली असते. प्रत्येक प्रश्नाला एक रंगीत पाय चार्ट आणि त्याखाली तोच मजकूर वाक्यात. निष्कर्ष असा की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. शिफारस अशी की कंपनीने जाहिरातीवर अधिक भर द्यावा. शेवटी कंपनीच्या गाइडची सही आणि शिक्का. पन्नासएक पानांत एकही ग्राहक नाराज नाही, एकही माल परत आलेला नाही, कोणाची उधारी थकलेली नाही. असा धंदा कुठेच नसतो, हे तपासणाऱ्या प्राध्यापकांनाही ठाऊक असतं.

ज्यांना कंपनीत प्रत्यक्ष जायला मिळतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती टार्गेट पडतं. डीमॅट खाती उघडून आणा, विम्याची लीड आणा. मुलगी आधी मामाचं खातं उघडते, मग मावशीचं, मग शेजारच्या काकांचं. तिची ओळखीची माणसं संपली की कंपनीचा तिच्यातला रसही संपतो, आणि प्रमाणपत्र हातात पडतं. विक्रीचं काम हलकं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट धंदा कळायचा तर विक्रीतूनच कळतो. पण नातेवाइकांची यादी वापरून घेणं आणि विक्री शिकवणं यांत फरक आहे.

तो फरक कसा, हे एका साध्या जागेवरून सांगतो. इचलकरंजीत किंवा बार्शीत बिस्किटं-साबणाच्या एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडे मुलाला आठ आठवडे बसवा. पहिले दोन आठवडे सेल्समनबरोबर रोजच्या बीटवर पाठवा. कोणता दुकानदार किती दिवसांच्या उधारीवर माल उचलतो, स्कीम असताना जादा माल का भरतो, स्कीम संपल्यावर तोच माल पडून का राहतो, एक्स्पायरीचा माल परत घेताना नुकसान कंपनीच्या अंगावर पडतं की डिस्ट्रिब्युटरच्या, हे त्याला टिपून आणायला सांगा. मग गोडाऊनचा साठा आणि वसुलीची वही समोर ठेवून विचारा, इथे पैसा कुठे अडकला आहे? खेळतं भांडवल म्हणजे काय, हे त्या मुलाला पुन्हा शिकवावं लागणार नाही. यासाठी नामांकित कंपनी लागत नाही, काचेचं ऑफिस लागत नाही. आठवड्यातून एकदा त्याच्याशी तासभर बोलणारा एक माणूस लागतो.

तो माणूस इतर व्यवसायांनी नेमून ठेवला आहे. सीए व्हायचं तर आर्टिकलशिप करावी लागते. २०२३च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. मूल ज्यांच्या हाताखाली शिकतं त्या सीएची संस्थेकडे नोंद असते, एकाने किती आर्टिकल घ्यायचे याला मर्यादा आहे आणि किमान विद्यावेतन ठरलेलं आहे. एमबीबीएसनंतर वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप असते. कोणत्या विभागात किती दिवस काढायचे हे ठरलेलं असतं, लॉगबुक भरावं लागतं. तिथेही राबवून घेणं चालतं, विद्यावेतनासाठी संप होतात. पण तक्रार करायला दार तरी आहे. एमबीएचा मुलगा काही शिकला नाही तर त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा? कंपनीच्या गाइडला? त्यांची सही झाली की त्यांचं काम संपतं. कॉलेजच्या गाइडकडे एका वेळी वीसपंचवीस मुलं असतात.

सरकारचं लक्षही या मुलांकडे नाही. २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली: आघाडीच्या ५०० कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना ५,००० रुपये. तिच्या पहिल्या फेरीच्या नियमांत पूर्णवेळ शिकणारे बसत नव्हते आणि एमबीए झालेलेही. आयआयएमच्या पदवीधराला मदतीची गरज नसते, हे समजू शकतं. पण परभणीहून येऊन पुण्यात नऱ्ह्याच्या खोलीत तिघांत राहणारा मुलगाही त्याच पदवीच्या नावाखाली मोजला गेला. त्याला मुंबईत चांगली पण बिनपगारी इंटर्नशिप मिळाली तर ती घेणं परवडत नाही. दोन महिन्यांचं भाडं आणि जेवण कोण देणार? म्हणून तो गावाकडे जातो आणि प्रमाणपत्राची सोय बघतो. बिनपगारी इंटर्नशिपची किंमत शेवटी मुलाचं घर देतं, आणि सगळ्या घरांची ऐपत सारखी नसते. ‘कमवा आणि शिका’ सांगणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर पालकांचा आक्षेप रास्त आहे. ते म्हणतील, शिकणं वगैरे ठीक, पण आम्ही कर्ज काढलं आहे; अभ्यासक्रम संपला की वर्षभरात हप्ते सुरू होतात. आम्हाला नोकरीचं सांगा. खरं आहे. नोकरीची चिंता करणाऱ्याला उथळ म्हणणं हा पोट भरलेल्यांचा शिष्टपणा झाला. पण ज्या आकड्याच्या भरवशावर ते कर्ज काढतात, तो तरी किती पक्का? पॅकेजमध्ये भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा धरलेला असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, विम्याचा हप्ता असतो, मिळाला तर मिळेल असा व्हेरिएबल असतो. सरासरी काढताना नोकरी न लागलेली मुलं बहुधा हिशेबात नसतातच. या घोळाला आळा बसावा म्हणून आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेऊन प्लेसमेंट अहवालांची एक प्रमाणित पद्धत तयार केली. तीत हमखास मिळणारी रक्कम आणि कमाल शक्य रक्कम वेगळी दाखवतात आणि अहवालाची बाहेरून तपासणी होते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीतही सरासरी नव्हे, मध्यक पगार पाहतात. चौकातले फ्लेक्स यातलं काहीच पाळत नाहीत.

शिवाय बाजाराची हमी कोणीच देऊ शकत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४च्या तुकडीत नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के जण पदवीनंतर तीन महिन्यांनीही शोधतच होते. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण १० टक्के होतं. तिथली शिकवण्याची पद्धत दोन वर्षांत बिघडली नव्हती. भरती आटली होती. जिथे जगातलं सर्वांत वजनदार नाव कमी पडतं, तिथे आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजने ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ छापणं ही निव्वळ थाप आहे. नोकरी देणं कॉलेजच्या हातात नाही. मुलाला आठ आठवडे नीट कामाला लावणं आणि त्यावर लक्ष ठेवणं पूर्णपणे त्याच्या हातात आहे. आणि मंदीच्या वर्षी मुलाखतीत टिकून राहतो तो बहुधा असाच मुलगा, ज्याला स्वतः केलेल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलता येतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. विद्यापीठांनी इंटर्नशिपच्या गाइडची, कॉलेजातल्या आणि कंपनीतल्याही, नावानिशी नोंद ठेवावी आणि एकाकडे किती मुलं असावीत हे ठरवावं. बिनपगारी काम करणाऱ्या गरजू मुलांना दोन महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च कॉलेजने फीमधून द्यावा. छापील साच्याचा अहवाल बंद करून रोजची कामाची वही तपासावी. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

आणि पालकांना एक विनंती. यंदा मुलाला घेऊन कॉलेज बघायला जाल, तेव्हा प्लेसमेंट सेलमध्ये पॅकेज विचारू नका. लायब्ररीत जा, मागच्या वर्षीचे पाच इंटर्नशिप अहवाल मागा आणि तिथेच बसून चाळा. पाचही अहवालांतले ग्राहक समाधानी असतील, तर फी न भरता दुसरं कॉलेज शोधा.