वाइनच्या आधी जमीन

वसई-विरारच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब निघाला की वर्षानुवर्षे चार नावे एका ओळीत यायची. सूर्या रोज 200 दशलक्ष लिटर, उसगाव 20, पेल्हार 10 आणि पापडखिंड 1. शेवटचा आकडा फुलपाड्याचा. विरार पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, फुलपाड्याच्या वस्तीला खेटून पापडखिंडीचे हे लहानसे धरण आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली होती. म्हणजे या तळ्याच्या वाट्याला आलेले पाणी माणशी लिटरभरही भरत नाही. हल्ली धरणाचे नाव ऐकू येते ते बहुधा छठपूजेच्या परवानगीवरून, नाहीतर सुट्टीच्या दिवशी तिथे होणाऱ्या गर्दीवरून.

हेच पाणी शेतीच्या मापाने मोजून पाहू. ठिबकवर केळीच्या झाडाला दिवसाला 20 लिटर धरले, तर दहा लाख लिटरमध्ये 50,000 झाडे भिजतात. पाच बाय पाच फुटांची लागण असेल तर ती जवळजवळ 29 एकर होते. एका लहान गावाची फळशेती त्यावर उभी राहू शकते. मुंबईची बाजारपेठ लोकलच्या अंतरावर आणि तालुक्याला फळबागांचे काही शतकांचे शहाणपण. इतके सगळे असताना इथे तळ्याकाठचे फळांचे गाव का झाले नाही, आणि महाराष्ट्रात ते जिथे झाले तिथे कशामुळे झाले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझे उत्तर थोडक्यात असे: फळबाग वाचवण्याचे श्रेय आपण फळाच्या चवीला, शेतकऱ्याच्या कष्टाला आणि अलीकडे वाइनला देतो. प्रत्यक्षात ती वाचते किंवा जाते ती जमिनीच्या वापराबद्दलच्या सरकारी निर्णयाने. वाइनचा नंबर त्यानंतर लागतो.

वसई तालुक्याचे दोन भाग पूर्वीपासून वेगळे. रेल्वेच्या पूर्वेला भात, गवत आणि डोंगर. पश्चिमेला आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, सांडोरपर्यंत वाड्यांचा पट्टा. या वाड्यांत केळी, पानवेल, ऊस, फुले, भाजी. पोर्तुगीज अमल 1534 ते 1739 असा दोनशे वर्षे टिकला आणि पपई, अननस, काजू अशी अमेरिकेतली झाडे याच काळात पश्चिम किनाऱ्यावर रुजली. 1864 मध्ये बीबीसीआय रेल्वे मुंबईला जोडली गेली आणि वाडीतला माल त्याच दिवशी शहरात पोचू लागला. सामवेदी, वाडवळ, माळी या समाजांचे घर या वाड्यांवर चालले. विहीर, तिच्यावरचा रहाट आणि दारात उभी केळ, एवढ्यावर एक पूर्ण अर्थव्यवस्था होती.

नाशवंत फळाची अडचण जगात सगळीकडे एकच. माल एकदम उतरतो, भाव पडतो आणि उरलेले कुजते. वसईने यावर स्वतःचा तोडगा काढला होता: सुकेळी. पिकलेली राजेळी जातीची केळी सोलायची, मचाणावर उन्हात पसरायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. आठवडाभर हे चालते. केळ आक्रसते, पिवळ्याचे तांबूस-तपकिरी होते, साखर आतल्या आत घट्ट होते. मग ती सुक्या केळीच्या पानात गुंडाळून बांधली की काही महिने टिकते. पडत्या भावाचे फळ चढ्या भावाच्या दिवसापर्यंत राखून ठेवायची ही युक्ती. द्राक्षाच्या प्रदेशांत जे काम वाइन आणि बेदाणा करतात, तेच इथे सुकेळी करत होती. फळप्रक्रिया उद्योग म्हणून आपण आज ज्याची परिषदा भरवून चर्चा करतो, तो आगाशीच्या अंगणात होता.

मग ही अर्थव्यवस्था का ढासळली? केळीवर रोग आले, मजूर महागले, मुले नोकरीला गेली, ही कारणे खरी आहेत. पण निर्णायक घाव जमिनीवर बसला. 1990 मध्ये वसई-विरार भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि तालुक्याचे भवितव्य इमारतींच्या भाषेत लिहिले जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने त्याला विरोध केला. पश्चिमेच्या विहिरींतले गोडे पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जात होते आणि उपसा वाढला की समुद्राकाठच्या विहिरीत खारे पाणी शिरते, हे वाडीवाल्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चळवळीने बराच पट्टा राखला. पण चाळी आणि मजले वाढत गेले. 2009 मध्ये महानगरपालिका आली. पूर्वेला फुलपाड्यासारख्या भागांत तर वाद घालण्याइतकी उसंतही मिळाली नाही. धरण उरले आणि त्याच्या पायथ्याशी शेताऐवजी वस्ती आली.

आता याच पालघर जिल्ह्यातला दुसरा तालुका पाहा. घोलवडला चिकूची लागवड 1898 पासूनची मानली जाते. पुढे इराणी-पारशी बागायतदारांनी आणि स्थानिक शेतकऱ्यांनी डहाणू, बोर्डी, घोलवड हा चिकूचा मुलूख केला. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. हरित पट्टे, फळबागा, आदिवासी वस्त्या यांच्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंधन आले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली देखरेखीसाठी प्राधिकरण बसले. तेव्हा वसई आणि डहाणू दोन्ही ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. एकाच किनाऱ्यावर, एकाच रेल्वेवर, वर्षभराच्या अंतराने दोन निर्णय झाले. एका तालुक्याला इमारती मिळाल्या, दुसऱ्याच्या बागा राहिल्या.

राहिलेल्या बागांतून पुढे काय होते, हेही डहाणूत दिसते. चिकू हे मोठे अडचणीचे फळ. काढल्यावर चार-सहा दिवसांत पिकते, मऊ पडते आणि दूरच्या बाजारात पोचेपर्यंत अर्धा भाव गमावते. म्हणून इथे चिकूच्या सुक्या चकत्या, भुकटी, लोणचे, मिठाई असे प्रयोग होत राहिले. 2016 मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि बोर्डीत चिकूपासून वाइन करणारी ‘हिल झिल’ ही वायनरी उभी राहिली. ही वाइन कुणाला आवडेल, कुणाला नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. वाइनमुळे बागा वाचल्या नाहीत. बागा वाचल्या होत्या म्हणून वाइन सुचली.

तळे, फळ आणि वाइन ही तिन्ही एकत्र पाहायची तर नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाकाठी जावे लागते. गोदावरीवरचे हे मातीचे धरण 1965 मध्ये पूर्ण झाले. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष मात्र आधीच आले होते. 1925 मध्ये ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी बाग लावली, असे तिथले बागायतदार अभिमानाने सांगतात. गंगापूरकाठच्या कौटुंबिक जमिनीवर राजीव सामंत यांनी 1997 मध्ये वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या आणि 2000 मध्ये त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण आणले. उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. पुढे 20 टक्के मूल्यवर्धित करातले 16 टक्के वायनरीला परत देण्याची योजनाही आली. तेव्हा हा चमत्कार एकट्या उद्योजकतेचा म्हणता येणार नाही. सरकारने आपल्या महसुलावर पाणी सोडून तो घडवला.

शेतकऱ्याच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो? खाण्याच्या द्राक्षाला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर विरळणी करायची, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, मणी फुगवायचा, साल पातळ ठेवायची. वाइनच्या द्राक्षाला यातले बहुतेक नको. मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी चालते, आणि एकरी माल मुद्दाम कमी धरायचा. म्हणजे एकाच वेलीवर दोन्ही बाजार साधत नाहीत. निर्यातीतून नापास झालेला खाण्याच्या थॉम्सन जातीचा घड वायनरीला नेऊन चांगली वाइन होत नाही. ‘वाइनमुळे द्राक्ष उत्पादकाचा पडेल माल उचलला जाईल’ हे विधान सभेत टाळ्या घेते, बागेत टिकत नाही. जिल्ह्यातल्या एकूण द्राक्षक्षेत्रात वाइनच्या जातींचा हिस्सा अगदी थोडा आहे, तो याचसाठी. ज्याने वायनरीशी करार करून जात बदलली, त्याला व्यापारी पैसे बुडवून पळण्याची धास्ती उरली नाही; पण गिऱ्हाईक एकच उरले.

एकच गिऱ्हाईक असण्याची किंमत काय, हे नारायणगावच्या पट्ट्याने पाहिले आहे. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात तिथे फसफसणाऱ्या वाइनचा कारखाना काढला आणि आपल्या ‘इंडाज’ कंपनीचे नाव फ्रान्सपर्यंत नेले. 2008 च्या मंदीनंतर कंपनी कर्जात बुडाली. बागायतदारांची देणी थकली, आणि वाइनची जात लावून बसलेल्यांना वेली तोडाव्या लागल्या किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षाची कलमे करावी लागली. द्राक्षाची बाग ही दहा-पंधरा वर्षांची गुंतवणूक. कंपनी कोसळायला दोन वर्षे पुरतात.

गंगापूरला दुसरी गोष्ट घडली आहे आणि फुलपाड्याच्या दृष्टीने तीच जास्त बोलकी आहे. वायनरीच्या धंद्यात बाटलीबरोबर पर्यटन आले. चव घेण्याची दालने, राहण्याच्या खोल्या, संगीत महोत्सव. पर्यटन महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आणि बोट क्लबही याच जलाशयाकाठी आहेत. पाणी भिजवण्याच्या कामाचे होते तोवर त्याची किंमत पिकावर ठरत होती. ते बघण्याच्या कामाचे झाले की किंमत खिडकीवर ठरते. तळे दिसणारा एकर कुठल्याही द्राक्षाने फेडता येत नाही. मग शेतघरे येतात, बिगरशेती प्लॉट पडतात. वाइनने ज्या देखाव्याला भाव आणला, तो देखावाच वेलींची जागा मागू लागतो. विरारमध्ये जमिनीचा भाव पिकाच्या आवाक्याबाहेर नेण्याचे काम रेल्वेने केले. नाशिकला ते अर्धे-मुर्धे पर्यटन करते आहे.

जगातल्या जुन्या तळ्याकाठच्या वाइन-गावांनी हा धोका रोखला तो कायद्याने. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवरावर लावोच्या उतरणीच्या द्राक्षबागा आहेत. बंगल्यांनी त्या गिळायला घेतल्या तेव्हा 1977 मध्ये व्हो प्रांताच्या मतदारांनी सार्वमताने त्यांना संरक्षण दिले. युनेस्कोचा दर्जा त्यानंतर तीस वर्षांनी, 2007 मध्ये आला. कॅनडात ओकानागन सरोवराकाठचे नारामाटा हे 1907 मध्ये फळबागांसाठी वसवलेले गाव. ब्रिटिश कोलंबियाने 1973 मध्ये शेतजमीन राखीव करण्याचा कायदा केला. तिथल्या वायनऱ्या बहुतेक त्यानंतरच्या. लावोत वाइन जुनीच होती, पण बागा टिकल्या त्या कायद्याने; नारामाटात क्रम डहाणूसारखाच: आधी जमीन, मग वाइन.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला शेतकऱ्याचा. शहराने हिरवे पाहावे म्हणून मी माझी जमीन कवडीमोलाने का धरून ठेवू? डहाणूतही बंधनांवर नाराज असलेले लोक आहेत आणि रोजगार हवा म्हणणारे आदिवासी तरुण आहेत. हा आक्षेप नैतिक उपदेशाने खोडता येत नाही. जमिनीची विक्रीकिंमत कायद्याने रोखायची असेल तर उत्पन्नाची किंमत धोरणाने वाढवली पाहिजे. प्रक्रियेची खरी जागा इथे आहे. सुकेळी, चिकूची भुकटी, बेदाणा किंवा वाइन, जे काही असेल त्याची मालकी उत्पादकांच्या संस्थेकडे असली तर बंधनाचा मोबदला बंधन सोसणाऱ्याला मिळतो. ती बाहेरच्या एकाच कंपनीकडे असली की नारायणगाव होते.

दुसरा आक्षेप दारूचा. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘मद्यराष्ट्र’ असा शब्द निघाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय गुंडाळला गेला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पालघरच्या पाड्यापाड्यांत आहेत. त्यांच्यासमोर ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे बोलणे निलाजरे ठरते. पण इतिहासाची दुसरी बाजूही आहे. 1878 च्या अबकारी कायद्याने ताडाच्या झाडावर कर बसवला, 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर निर्बंध आणले. मोहाची फुले गोळा करण्या-साठवण्यावरची बंदी उठायला 2021 उजाडले. आदिवासीच्या फळाफुलाचे आंबवणे गुन्हा, बागायतदाराचे आंबवणे उद्योग, ही विभागणी वर्गाची आहे. सवलत द्यायची तर ती आंबवण्याच्या प्रतिष्ठेवर ठरू नये. कच्चा माल कुणाच्या जमिनीतून येतो आणि नफा कुणाच्या घरी जातो, यावर ठरावी.

फुलपाड्याला आता द्राक्ष लावा असे कुणी म्हणणार नाही. तिथली शेती परत येण्यातली नाही. पण पापडखिंडीचे पाणलोट क्षेत्र अजून डोंगरात आहे आणि पश्चिमेला वाड्यांचा तुकडा अजून शिल्लक आहे. डोंगराच्या उतारावरचे बांधकाम रोखणे आणि आगाशी-अर्नाळ्याच्या वाड्यांना डहाणूच्या धर्तीवर कायद्याचे संरक्षण देणे, हे दोन निर्णय महापालिकेच्या, राज्याच्या आणि केंद्राच्या हातातले आहेत. ते घेतल्यावर सुकेळीला मानांकन मागणे किंवा राजेळीची वाइन करून पाहणे याला अर्थ आहे. ते न घेता प्रक्रिया उद्योगाच्या योजना जाहीर करत राहिलो, तर अनुदान मिळेल, कारखान्याची शेडही उभी राहील. आत घालायला केळी मात्र जळगावहून आणावी लागतील.