वीस सेकंदांनी पुन्हा गाठ

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शर्यतमार्गावर मोटारीला एक फेरी मारायला साधारण वीस सेकंद लागतात. मार्ग जेमतेम ८४६ मीटरचा: दोन लांब सरळ बाजू आणि टोकांना दोन अरुंद वळणं. आकारावरून लोक त्याला जेमक्लिप म्हणतात. त्यावर एका वेळी छत्तीस-सदतीस गाड्या धावतात. त्यामुळे ज्याला तुम्ही आत्ता मागून ढकललंत, तो थोड्याच वेळात पुन्हा तुमच्या पुढं नाहीतर मागं असतो. धक्का देऊन पसार व्हायला तिथं जागाच नाही. या खेळातलं मला बाकी काही कळायच्या आधी एवढं मात्र कळलं, कारण उमेदीची वर्षं मी गडहिंग्लजमध्ये फुटबॉलच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहिलो आहे.

एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर ज्यांनी सामने पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी झुंजलं तर चालतं. हातानं ढकललं, कोपर मारलं, पाठीत धडक दिली तर फाऊल. पुस्तकात ही रेषा स्वच्छ आहे. मैदानावर ती पुसट होते, आणि तिथं रेफरीची शिट्टी कामाला येते. पण सामना खरा आवरतो तो शिट्टीनं नव्हे. आज ज्याला आडवा पाडला त्याच्याच काकाच्या दुकानातून घरात वर्षाची मिरची येते. ज्यानं पाडलं त्याची बहीण पडलेल्याच्या बहिणीच्या वर्गात असते. उद्या सकाळी दसरा चौकात दोघं समोरासमोर येणारच. गाव लहान असलं की प्रत्येक धक्क्याचा हिशेब कुठंतरी लिहून ठेवलेला असतो, आणि हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. बाहेरगावच्या संघाशी खेळताना हीच मुलं जास्त आडदांडपणा करतात, ते उगीच नाही.

लेक आणि जावई नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोला राहतात. तिथून मार्टिन्सव्हिल तासाभराच्या वाटेवर. २०२३ च्या एप्रिलमध्ये मी तिकडं होतो, तेव्हा जावयांनी नास्कारच्या, म्हणजे स्टॉक कारच्या, शर्यतीची तिकिटं काढली. हा सगळा भागच या खेळाचा. याच मार्गावर पंधरा शर्यती जिंकणारा रिचर्ड पेटी ग्रीन्सबरोपासून जवळच्याच लेव्हल क्रॉसचा. या खेळाची एक मुळी चोरट्या दारूपर्यंत जाते. डोंगरात गाळलेली दारू रातोरात शहरात पोचवणारे लोक पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून साध्या दिसणाऱ्या गाडीत जबरदस्त इंजिन बसवायचे, आणि मग रविवारी आपापसांत कुणाची गाडी सरस ते ठरवायचे. हातभट्टी आपल्याकडेही होती, पण तिच्यातून राष्ट्रीय खेळ उभा राहिल्याचं काही ऐकिवात नाही. क्ले अर्ल्स या गृहस्थानं मार्टिन्सव्हिलचा मार्ग १९४७ साली बांधला, तेव्हा तो मातीचा होता. नास्कार ही संस्था १९४८ ची, म्हणजे मार्ग संस्थेहून जुना. १९६४ पासून इथल्या विजेत्याला करंडकाऐवजी माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ देतात. आजूबाजूला लाकडी सामानाचे कारखाने होते, त्यांची ही आठवण.

स्टॉक कार म्हणजे नावापुरती दुकानातून आणलेली गाडी. एके काळी खरंच तशी असायची. आता वरचं कवच तेवढं कॅमरीसारखं किंवा मस्टँगसारखं, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा. दार उघडत नाही, चालक खिडकीतून आत शिरतो. हेडलाइट तर चक्क स्टिकर असतात, हे नातवानं मला मोठ्या आनंदानं दाखवलं. "बाबा, कानात हे घाला," म्हणून जावयांनी फोमचे बोळे दिले. मी ते खिशात ठेवले, आणि गाड्या सुटल्यावर पहिल्या फेरीतच बाहेर काढून घातले. तो आवाज कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो.

लहान मार्गाची खुबी बसल्या जागेवरून सगळं दिसतं ही आहे. मोठ्या मार्गांवर गाडी क्षणभर समोरून जाते, उरलेलं सगळं पडद्यावर पाहायचं. इथं पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत सगळा खेळ डोळ्यांसमोर, आणि थोड्या वेळानं पहिली कोण आणि शेवटची कोण हेच कळेनासं होतं, कारण पहिली गाडी मागच्यांना गाठून त्यांच्या घोळक्यात शिरलेली असते. वळणं जवळजवळ सपाट, फक्त बारा अंशांचा उतार. त्यामुळे प्रत्येक वेळी करकचून ब्रेक, पुन्हा जोर, पुन्हा ब्रेक. ऊन उतरलं की चाकांच्या आत लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या दिसतात. वसंतातली शर्यत अशा चारशे फेऱ्यांची असते. रायन प्रीस नावाच्या चालकानं सुरुवातीपासून शंभराहून जास्त फेऱ्या पहिला नंबर सोडला नाही. मग टायर बदलायला आत येताना त्यानं तिथली वेगमर्यादा ओलांडली आणि दंड होऊन तो पार मागं गेला. वेगाच्या शर्यतीत वेगाबद्दल दंड! मला हसू आलं, पण आसपास कुणी हसलं नाही. आत चाकांशी माणसं वाकून काम करत असतात, तिथं तो नियम हवाच. शेवटी काइल लार्सन जिंकला.

आपल्या माणसांपैकी कुणी इथं कधी गाडी चालवली होती का, हे मी विचारलंच. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २०१० च्या मार्चमध्ये इथंच नास्कारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. त्या वर्षी प्रेक्षकांनी मतं देऊन त्याला मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालकही ठरवलं. फॉर्म्युला वनमधून आलेल्या माणसाला हा अंगाला अंग घासायचा खेळ कसा वाटला असेल, याचं मला कुतूहल आहे. आमच्या कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टचा मार्ग आहे, तिथं राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्यात. तिथं मुलांना पहिल्यांदा शिकवतात ते गाडीला गाडी लावायची नाही हे.

इथं उलटं. वळणात शिरताना पुढच्याच्या बंपरला आपलं नाक हलकेच टेकवायचं. त्याची मागची चाकं क्षणभर सैल होतात, गाडी थोडी बाहेर सरकते, आणि आतून आपण पुढं. याला कुणी गुन्हा मानत नाही. शेजारी एक म्हातारबुवा बसले होते. अर्ल्सच्या हयातीपासून ते इथं येतात म्हणे. त्यांचं म्हणणं जावयांनी मला समजावून सांगितलं: पुढच्याला जागेवरून हलवलं तर ठीक, गरगर फिरवलं तर ठीक नाही. आणि फिरवलंच, तर तो परत येईल एवढं धरून चाला.

तो परत आला त्याची गोष्ट २०१५ सालची. ऑक्टोबरात कॅन्सासच्या शर्यतीत शेवटच्या पाच फेऱ्यांत जोई लोगानोनं पुढं असलेल्या मॅट केन्सेथला धडक दिली, केन्सेथ फिरला, लोगानो जिंकला. लोगानोला त्या विजयाची गरज नव्हती. हंगामाच्या बाद फेऱ्या चालू होत्या, आणि आधीची शर्यत जिंकून तो पुढच्या टप्प्यात गेलेलाच होता. केन्सेथला मात्र ती हवी होती, आणि पुढच्या आठवड्यात तो स्पर्धेतून बाद झाला. १ नोव्हेंबरला सगळे मार्टिन्सव्हिलला आले. केन्सेथची गाडी एका अपघातात खिळखिळी होऊन कित्येक फेऱ्या मागं पडली होती, आणि लोगानो सर्वांत पुढं होता. लहान मार्गावर अशी गाठ पडायला कितीसा वेळ लागतो? केन्सेथनं त्याला वळणात पकडला आणि थेट भिंतीत नेला. स्टेडियम आनंदानं उसळलं. केन्सेथला दोन शर्यतींची बंदी झाली. माझ्यापुरता निवाडा सोपा आहे: स्वतः जिंकायची शक्यता संपलेल्या माणसानं दुसऱ्याला पाडणं म्हणजे सरळ लाल कार्ड. पण ते टाळ्या वाजवणारे लोक अडाणी होते असंही मी म्हणणार नाही. कॅन्सासला पंचांनी शिट्टी फुंकली नव्हती, हे त्यांच्या लक्षात होतं.

याच मार्गावरचा दुसरा प्रसंग जगभर गाजला. ३० ऑक्टोबर २०२२, शेवटची फेरी. फ्लोरिडाचा रॉस चॅस्टेन दहावा. विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जायला त्याला दोन जागा हव्या होत्या. हा पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडं पिकवणाऱ्या घरातला. शर्यत जिंकला की कलिंगड आपटून फोडतो. त्यानं शेवटच्या वळणांत ब्रेक लावायचा नाही असं ठरवलं, गाडी बाहेरच्या भिंतीला चिकटवली आणि पाय दाबून ठेवला. भिंतच त्याला वळवत नेत होती. पाच गाड्या मागं टाकून तो पाचवा आला. ती फेरी १८.८४५ सेकंदांची भरली, त्या मार्गावर स्टॉक कारनं इतकी जलद फेरी कधी मारली नव्हती. लहानपणी भावाबरोबर व्हिडिओ गेम खेळताना ही युक्ती केल्याचं त्यानंच नंतर सांगितलं. पुढच्या जानेवारीत नास्कारनं जाहीर केलं की आता असं केल्यास सुरक्षेच्या जुन्याच नियमाखाली दंड होईल. मला हा निर्णय पटतो. भिंतीला कुणाचा राग येत नाही, ती परत गाठत नाही. जे माणसांच्या आपसांतल्या हिशेबात बसत नाही त्याला कागदावरचा नियम लागतो.

कागदावरचा नियम म्हटलं की आमच्याकडच्या बैलगाडी शर्यती आठवतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या मे महिन्यात त्या बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई. यावर आमच्या भागात जी भांडणं झाली त्यांत मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे, पण एक गोष्ट वादापलीकडची वाटते: बैल उलट हिशेब चुकवू शकत नाही. गाडीवान-गाडीवानांत आपसूक समज असते, कोण कुणाला कुठं दाबणार याची. ती समज बैलापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथं कायद्यानं यावं लागलं.

इथवर माझं गणित जुळत होतं: लहान जागा, पुन्हा पुन्हा भेट, त्यातून आलेला संयम. मग जावयांनी वेंडेल स्कॉटचं नाव काढलं.

स्कॉट मार्टिन्सव्हिलपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या डॅनव्हिलचा, जन्म १९२१ चा. टॅक्सी चालवली, दारू पोचवली, महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या. काळा माणूस. १९५२ पासून तो शर्यतींत उतरू लागला आणि पुढं वरच्या मालिकेत ४९५ शर्यती धावला, मार्टिन्सव्हिललाही कितीतरी. जुन्या गाड्या, उसने सुटे भाग, मेकॅनिक म्हणून घरचीच पोरं. त्याला मुद्दाम धडका देणारे चालक होते. उलट धडक देणं त्याला परवडणारं नव्हतं, कारण एक तर दुसरी गाडी नव्हती, आणि गोऱ्या चालकाला भिंतीत नेलं तर प्रेक्षकांत बसलेल्या माणसांचं काय करायचं? वीस सेकंदांनी गाठ त्याचीही पडत होती. तिचा उपयोग फक्त समोरच्याला होता.

१ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या मार्गावर तो जिंकला. झेंडा मात्र बक बेकरला दाखवला गेला, करंडकही बेकरच घेऊन गेला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाली असं सांगून स्कॉटला विजेता ठरवलं. तो दोन फेऱ्या पुढं होता. अर्ध्या मैलाच्या, सगळ्यांना सगळं दिसणाऱ्या मार्गावर दोन फेऱ्या! करंडक देणाऱ्या गोऱ्या तरुणीनं विजेत्याचा मुका घ्यायची तेव्हा पद्धत होती, आणि तेच टाळायचं होतं असं त्याच्या घरचे सांगत आले. महिनाभरानं त्याच्या हातात एक साधा लाकडी करंडक ठेवला. १९९० मध्ये तो वारला. २०१५ मध्ये त्याला नास्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि त्या विजयाचा रीतसर करंडक कुटुंबाला मिळाला तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये.

आमच्या मैदानावरही अशी मुलं असतात. कितीही ढकललं तरी उलट ढकलत नाहीत, पडली की माती झटकून उठतात. प्रेक्षक त्यांना सुस्वभावी म्हणतात, कधी बक्षीसही देतात. ती कुठल्या वस्तीतून येतात, बाप कुणाच्या शेतावर राबतो, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. धक्का देणाऱ्यालाही. अशा मुलाला धक्का बसला तर शिट्टी लवकर फुंका, हाताचा इशारा जरा मोठा करा, असं मी आता नव्या रेफरींना सांगतो. काहींना हा पक्षपात वाटतो, आणि एकानं तसं माझ्या तोंडावर सांगितलंही आहे. त्याचा पुढचा सामना मी बघायला जाणार आहे.