रिपोर्ट नॉर्मल आहे

ईसीजी नॉर्मल, टू-डी एको नॉर्मल, थायरॉईडही नॉर्मल. तरी रात्री दोनला छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. सकाळी घरचे म्हणतात, ‘काही झालेलं नाही तुला, उगाच टेन्शन घेतोस.’

हृदय ठीक आहे, एवढंच रिपोर्ट सांगतो. भीती मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

रात्रीच्या या झटक्याला पॅनिक अटॅक म्हणतात. समोर धोका नसताना शरीर पळायच्या तयारीला लागतं. धडधड खरीच असते. तिचा लावलेला अर्थ चुकतो. ‘हा हार्ट अटॅकच’ या विचाराने भीती वाढते आणि भीतीने धडधड. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. मानसोपचार ते तोडायला शिकवतो.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास त्याची एक वाट दाखवली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो, असं त्यांचं म्हणणं. ‘पास झालो तर बरं’ ही इच्छा मुलाला अभ्यासाला बसवते. ‘पास झालोच पाहिजे, नाहीतर जगण्यात अर्थ नाही’ हा हट्ट त्याची झोप उडवतो. एलिस त्या ‘च’शी वाद घालायला शिकवतात. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोचवला.

कार्ल रॉजर्स यांची वाट वेगळी. उपचारकाने माणसाला बिनशर्त स्वीकारावं, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं आणि स्वतः खोटेपणाने वागू नये, यावर त्यांचा भर.

एक प्रश्न विचारतो, दुसरा ऐकतो. समोरच्याच्या आयुष्याचा निर्णय मात्र दोघंही घेत नाहीत.

सल्ला देणाऱ्याला लवकर मोकळं व्हायचं असतं. ऐकणाऱ्याला थांबावं लागतं.

दुःख म्हणजे आजार नव्हे. आई गेल्यावर येणाऱ्या रडण्याला औषध लागत नाही. पण दोन आठवडे उलटले तरी बहुतेक वेळ मन खिन्न आहे, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत, झोप-भूक बिघडली आहे, स्वतःचीच लाज वाटते आहे, तर नैराश्याची शंका घ्यावी आणि तज्ज्ञाकडे जावं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारात नुसत्या बोलण्याने भागत नाही. तिथे मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधं नेमाने घ्यावीच लागतात.

‘मन खंबीर कर’ असं सांगणं सोपं आहे. ज्याला ते जमलं असतं, त्याने कधीच केलं असतं.

आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. कायद्याने एवढी समजूत दाखवली. घराने त्याहून अधिक दाखवायला हवी.

म्हणून घरातलं कोणी ‘मला बरं वाटत नाही’ म्हणालं, तर कारण मागण्याआधी शेजारी बसा. पूर्ण ऐका. मरणाची भाषा निघाली तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका. आणि टेलि-मानस या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.