वगळण्याचा अधिकार

घरगुती व्हिडिओ संपादनासाठी संगणक कोणता घ्यावा आणि त्यात कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारभावाचा आणि तंत्राचा वाटतो. परंतु कुटुंबाच्या आयुष्यातील कोणते क्षण राखावेत, कोणते कापून टाकावेत आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरल्याशिवाय त्या निवडीला निकषच मिळत नाही, आणि हा प्रश्न स्मृतीच्या स्वरूपाचा, म्हणजेच तत्त्वज्ञानाचा आहे.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या प्रवेशग्रंथात ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन प्रकार सांगितले आहेत. यथार्थ अनुभवालाच तेथे प्रमा, म्हणजे विश्वसनीय ज्ञान, मानले आहे. स्मृती ही मनावर उरलेल्या संस्कारातूनच उपजत असल्यामुळे तिचा खरेखोटेपणा मूळ अनुभवावर अवलंबून राहतो. ज्याने लग्न डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला संपादित चित्रफितीतील उणीव आपल्या अनुभवाच्या आधारे भरून काढता येते. त्याच्या नातवंडांपाशी मात्र तो अनुभव नसतो. त्यांच्यावर संस्कार होतो तो चित्रफितीचाच, आणि म्हणून संपादकाने कापलेला भाग त्यांच्यापुरता घडलेलाच नसतो. घरच्या संगणकावर बसून कात्री चालविणाऱ्याची जबाबदारी येथून सुरू होते.

या जबाबदारीचे स्वरूप लातूर जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ च्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगावली, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर लाकडी तुळया व मातीचा थर घालून केलेली माळवदाची घरे बहुतांशी त्यांच्या मृत्यूला कारण झाली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, चौकटीत आखलेल्या रस्त्यांवर बांधली गेली, आणि जुन्या गावांच्या गल्ल्या, वाडे, पार व वेशी केवळ आठवणीत राहिल्या. भूकंपापूर्वी अशा एखाद्या गावात लग्नाचे चित्रण झाले असेल, तर ते त्या काळच्या रीतीप्रमाणे व्हीएचएस कॅसेटवर, म्हणजे चुंबकीय फितीवर, झालेले असणार. त्या कॅसेटचे संपादन करणाऱ्याने १९९० साली वरातीमागची भिंत, ओसरीवर बसलेली म्हातारी माणसे आणि पंगतीच्या वेळी रेंगाळलेला कॅमेरा हा सारा भाग कंटाळवाणा म्हणून गाळला असता, तर तो त्याच्या दृष्टीने चुकला नसता. तरीही आज त्या कुटुंबाला नवरानवरीच्या हारांपेक्षा ती भिंतच अधिक मोलाची वाटेल. वर्तमानातील माणसाला भविष्यातील आठवणीची किंमत ठरविता येत नाही, ही ज्ञानाची मर्यादा आहे, आणि ती मान्य केली की साहित्याच्या निवडीचा क्रम पुष्कळसा आपोआप लागतो.

पहिला परिणाम असा की मूळ चित्रणाला हात लागू नये. आजची बहुतेक संपादन-सॉफ्टवेअर मूळ फाइल बदलत नाहीत. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घ्यावा याच्या सूचनांची यादी तेवढी ती प्रकल्प-फाइलमध्ये ठेवतात, आणि शेवटी त्या सूचनांनुसार नवी चित्रफीत तयार होते. धोका असतो तो काम संपल्यावर जागा मोकळी करण्यासाठी मूळ फाइली पुसून टाकण्याच्या सवयीत. जुन्या कॅसेटींबाबत हा धोका अधिक निकडीचा आहे, कारण फितीवरील चुंबकीय थर उष्णतेने, दमटपणाने व बुरशीने खराब होत जातो, आणि व्हीसीआर बनविणारी शेवटची ज्ञात कंपनी असलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविल्यामुळे चालू स्थितीतील यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत. भारतातील व्हीएचएस चित्रण सेकंदाला २५ चित्रे आणि ५७६ दृश्य रेषा या पाल पद्धतीचे असल्याने ते संगणकात उतरविण्यासाठी कॅप्चर उपकरण आणि साधा जुना संगणक पुरेसा होतो. सर्वांत मौल्यवान चित्रणाला सर्वांत कमी शक्तीचे यंत्र लागते, ही गोष्ट महागडा संगणक घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावी.

दुसरा परिणाम सॉफ्टवेअरच्या निवडीत दिसतो, आणि येथे मराठवाड्याचाच एक जुना दाखला विचारात घेण्याजोगा आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे ज्याचे एक पूजनीय स्थान आहे, त्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पावित्र्यरक्षणाचा आणि प्रक्षेप, म्हणजे मागाहूनची भर, टाळण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. पण त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ही लिपी उलगडेपर्यंत मराठीचे हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या वाचकांना बंद राहिले. तरी लिपीची किल्ली पंथाने पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवली होती. संपादन-सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल जेव्हा बंदिस्त स्वरूपाची असते, तेव्हा तिची किल्ली एका कंपनीकडे असते आणि त्या कंपनीला ती सांभाळण्याचे कोणतेही धर्मबंधन नसते. विंडोज मूव्ही मेकर हे घरोघरी वापरले गेलेले सॉफ्टवेअर जानेवारी २०१७ मध्ये अधिकृतपणे बंद झाले. याउलट केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर आपला प्रकल्प साध्या मजकुराच्या रूपात साठवितात, त्यामुळे मूळ कार्यक्रम नसला तरी कोणता तुकडा कोठे जोडला होता हे वाचता येते. दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती रंगसंस्कारात निश्चितच अधिक समर्थ आहे, परंतु तिला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. ज्याला तेच हवे असेल त्याने ती खुशाल वापरावी, मात्र तयार चित्रफीत सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात वेगळी काढून ठेवावी.

त्याच पंथाच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाची घडणही येथे विचारात घ्यावी लागते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळा, ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडून विचारून जमविल्या. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर ग्रंथ आठवणींतून पुन्हा उभा राहिला, त्याचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले, आणि परंपरेने ते पाठ जतन केले. एकच प्रत असणे म्हणजे एकाच आपत्तीच्या स्वाधीन असणे होय. १९९३ च्या त्या पहाटे ज्या घरांत सारे एकाच कपाटात होते, ती घरे याची साक्ष देतात. म्हणून दोन स्वतंत्र हार्ड डिस्क, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे, हा खर्च प्रोसेसरच्या खर्चाआधी येतो.

आता नव्या चित्रणाचा विचार. मोबाइलमधील चित्रण बहुधा अशा संकुचित पद्धतीचे असते की मोजकीच चित्रे पूर्ण साठविली जातात आणि मधल्या चित्रांतील फरक तेवढा नोंदविला जातो. परिणामी एक चित्र दाखवितानाही संगणकाला शेजारची अनेक चित्रे उलगडावी लागतात. त्यामुळे हे उलगडणे स्वतंत्र मंडलाने करणारा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि कामासाठी एसएसडी एवढी सामग्री घरगुती कामाला पुरते. यंत्र अडखळले तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलीच्या हलक्या दुय्यम प्रती, वापरून संपादन करता येते आणि अंतिम चित्रफीत मूळ फाइलींतून निघते. मराठवाड्यातील उन्हाळा आणि भारनियमन पाहता हवा खेळती ठेवणारी पेटी आणि यूपीएस यांना शोभेच्या सामग्रीहून अधिक महत्त्व आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सारे राखायचे म्हटले तर तो संग्रहाचा मोह नव्हे काय? मराठवाड्यातील कुंथलगिरीच्या परिसरात ज्याची परंपरा जिवंत आहे, त्या जैन धर्माने गृहस्थाला परिग्रह-परिमाण, म्हणजे मालमत्तेची मर्यादा स्वतःच आखून घेण्याचे, व्रत सांगितले आहे. उच्च दर्जाच्या फोर-के चित्रणाला मोबाइलवर तासाला दहा जीबी किंवा त्याहूनही अधिक जागा लागते, हे लक्षात घेता ही मर्यादा चित्रण करतानाच आखणे योग्य ठरते. अक्षतांच्या एकाच क्षणाची सहा मोबाइलवरची चित्रणे राखण्याची गरज नाही. पण जो क्षण एकाच ठिकाणी नोंदला गेला आहे, तो कंटाळवाणा आहे म्हणून पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही. यंत्राच्या बाबतीत हे व्रत अधिक कठोरपणे पाळावे: दोन प्रतींच्या साठवणीची रक्कम प्रथम बाजूला काढावी, घरातील जुन्या कॅसेटी या वर्षीच उतरवून घ्याव्यात, आणि उरलेल्या पैशांत जो संगणक बसेल तोच घ्यावा.