होऊन गेल्याचा भरवसा

ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये आयसीएमआरने देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ततपासणीची दुसरी फेरी घेतली. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत जळगाव होता. देशभरात शंभरांतल्या साधारण सात जणांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे आढळली. जळगावच्या नमुन्यांत हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास निघाले. हा आकडा गावोगाव पोहोचला तो दिलासा म्हणून. पारावर आणि एसटीच्या थांब्यावर एकच वाक्य ऐकू येऊ लागले, "माले व्हई गया, आते काय व्हस?"

या बेफिकिरीला नावे ठेवण्याआधी तिच्या मागची भीती आठवावी. त्याच वर्षी जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची वृद्धा आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली होती. जिल्ह्यातला मृत्युदर तेव्हा राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. दवाखान्याचे नाव काढले की माणसे थरकापत होती. एवढ्या धास्तीतून सुटलेल्या माणसाला आपण आता सुरक्षित आहोत असे वाटणे स्वाभाविक होते. चूक झाली ती त्यानंतरच्या हिशेबात. चौथ्या हिश्श्याला होऊन गेला, म्हणजे तीन हिस्से उघडेच होते. मार्च २०२१ मध्ये जळगाव शहरात तीन दिवसांचा जनता कर्फ्यू लावावा लागला, तेव्हा ते दिसले.

शिवाय ज्यांना होऊन गेला होता त्यांचे काय? पुन्हा लागण झाल्याचे जगातले पहिले खात्रीशीर प्रकरण ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगला उघडकीस आले, आणि तेही प्रवासामुळेच. स्पेनहून परतलेल्या ३३ वर्षांच्या त्या माणसाला काहीही त्रास होत नव्हता. विमानतळावर सक्तीची तपासणी होती म्हणून तो सापडला. पहिल्या आजाराने त्याच्या शरीराला लढायला शिकवले होते, पण विषाणूला घशात शिरण्यापासून रोखले नव्हते. प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात; शरीराची आठवण त्याहून जास्त टिकते आणि आजार बळावू देत नाही. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र तिचा लाभ ज्याचा त्याला होतो. शेजारच्या बाकावर बसलेल्याला तो मिळेलच असे नाही. धुळ्याच्या बसस्थानकावर असा धडधाकट माणूस उतरला असता तर त्याला कोण ओळखणार होते?

खान्देशात हा प्रश्न सर्वांत टोकदार झाला तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. ती २०२० मध्ये २६ एप्रिलला आली आणि २०२१ मध्ये १४ मेला. दोन्ही वेळा टाळेबंदी. मुराळी जायचा, लेक माहेरी यायची, झोके बांधायचे, गौराई मांडायची: सासरी राबणाऱ्या बाईला वर्षातून मिळणारे हे हक्काचे दिवस. दुसऱ्या वर्षी जिल्हा ओलांडायला अत्यावश्यक कारण लागत होते आणि खासगी बसने आलेल्यांच्या हातावर १४ दिवसांच्या विलगीकरणाचा शिक्का मारण्याचा आदेश होता. आखाजी अत्यावश्यक नाही, हे कोणी ठरवले? माझ्या मते ती आहे. म्हणूनच मुराळी जाणाऱ्या भावाने स्वतःला होऊन गेल्याचा दाखला देऊ नये. घरात दम्याची आई आहे, हे त्याला शिक्क्यावाचूनही कळत असते.

सुरतेकडची ये-जा तर याहून अवघड. उधना, लिंबायत भागांत खान्देशातली हजारो कुटुंबे राहतात आणि ताप्ती लाइनवरच्या नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या स्थानकांतून पोटासाठी येतात-जातात. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हाही लाखो लोकांनी शहर सोडले होते. जिथे रोजगार बुडाला की भाडेही थकते, तिथून माणूस गावाकडेच येणार. त्याला रोग आणणारा म्हणून वेशीवर अडवणे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

पण पारावरच्या त्या वाक्याला सरकारनेही नंतर नियमाचे रूप दिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना खुली झाली. अर्थचक्र सुरू करायला काहीतरी करणे भाग होते, हे मान्य. लशीने जीव वाचवले, हेही निर्विवाद. मात्र प्रतिकारशक्तीला प्रवासाचा परवाना करू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजीच बजावले होते. एकदा बाधा झाली म्हणजे पुन्हा होणार नाही याला तेव्हा पुरावा नव्हता आणि असा दाखला मिळालेले लोक काळजी घेणे सोडतील, ही धास्ती त्यामागे होती. लशीच्या दाखल्यालाही ती लागू होती. लोकल खुली झाल्यावर चारच महिन्यांनी ओमायक्रॉन आला आणि दोन डोसवाल्यांतूनही सर्रास पसरला.

अमळनेर-नंदुरबारच्या फलाटावर फुकट तपासणी, बाधित निघाल्यास राहायची सोय आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई, एवढे जरी मिळाले असते तरी सुरतेहून आलेल्या मजुराला आपला ताप लपवावा लागला नसता. हातावरच्या शिक्क्याने त्याला फक्त लपायला शिकवले.